जावळाचे ब्रश

कारध्यात कुणाच्या घरी लेकराचं जावळ निघायचं असलं की मामाला निरोप जायचा, आत्याला जायचा, कवडू न्हाव्याला जायचा. भिवा पेंटरला कधीच जायचा नाही. तरी तो सगळ्यांच्या आधी हजर. हात घासून धुतलेले, खांद्यापर्यंतचे स्वतःचे केस तेल लावून दाबून बसवलेले, खिशात गुळगुळीत कागदाची घडी. मामाच्या मांडीवर लेकरू टाहो फोडतं आहे, बायका गाणं म्हणताहेत, आणि कवडूच्या खांद्यावरून मान पुढे काढून भिवा ओरडतो आहे, "मुळातून घे बे, मुळातून! नोकेले धक्का नको लावू. नोक माही आहे!"

परगावच्या पाहुण्यांना वाटायचं, हा लेकराचा आजा असावा, नाहीतर वेडा तरी. तो दोन्ही नव्हता. तो पेंटर होता आणि त्याला त्या केसांचा ब्रश करायचा होता.

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की आमचं कारधा. एकाहत्तरच्या आसपास भिवा तिथे आला आणि आमच्या घराच्या बाजूची खोली भाड्यानं घेऊन राहिला. मी तेव्हा भंडाऱ्याच्या एका शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. सकाळी मी सायकल काढायचो तेव्हा हा शिडी काढायचा. चहाच्या टपऱ्यांच्या पाट्या, राइस मिलचं नाव, लग्नघराच्या भिंतीवरचा गणपती, दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते तिथल्या नाटकांचे पडदे, सगळं त्याच्या हातचं. मोठी अक्षरं तो बाजारातल्या ब्रशनं भरायचा. पण वेलांटीचं टोक, गणपतीचा डोळा, पडद्यावरच्या राणीची पापणी आली की बाजारचा ब्रश खाली आणि जावळाचा ब्रश हातात.

"असं काय असतं हो त्या केसात?" मी एकदा विचारलं. तेवढंच निमित्त त्याला पुरलं.

"मास्तर, तुमच्या डोक्यावरचा एक केस घ्या. दोन्हीकडून सारखा. काहून? दर महिन्याले कवडू कापते. जन्मल्यापासून ज्याले कातरी लागली नाही, त्याच केसाले नोक असते. देवानं छिलून पाठवलेली पेन्सिल आहे जी ते! एकदा कातरी लागली की केस बोथट. आन् एकदा शाळा लागली की माणूस बोथट."

शेवटचं वाक्य खास माझ्यासाठी असायचं. मी सायकलवर टांग मारली की रोज मागून आवाज यायचा, "जा जी मास्तर, नोका कापून या!"

पण पहिली दोन वर्षं त्याला गावात कुणी एक केस दिला नाही. आणि ते बरोबरच होतं. जावळाचे केस आत्या पदरात झेलते, कणकेच्या गोळ्यात भरते आणि नदीत सोडते, ते उगीच नाही. केस परक्याच्या हाती पडला आणि कुणी करणी केली तर? त्यात हा माणूस कुठला, कुणाचा, काही ठाऊक नाही. रेशन कार्डाचा अर्ज मीच त्याला भरून दिला होता. आडनाव विचारलं तर म्हणाला, "पेंटर." बापाचं नाव विचारलं तर म्हणाला, "उस्ताद."

"उस्ताद हे काय नाव झालं?"

"मले तेवढंच माहीत आहे."

"बरं, जन्मगाव?"

तो जरा वेळ नखातला रंग काढत बसला. "गाडी लिवा. उस्तादाच्या पडद्याच्या गाडीत वाढलो. तिले चाकं होते, गाव नोहतं."

मी अर्जात 'कारधा' लिहून टाकलं. त्यानं ते बोट ठेवून दोनदा वाचलं.

त्याला पहिला केस मिळाला तो आमच्या घरून. माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचं, शालूचं जावळ होतं. भिवा नेहमीप्रमाणे न बोलावता आला आणि नेहमीप्रमाणे बायकांनी त्याला दाराबाहेर उभं केलं. पण माझ्या मायला काय वाटलं कोण जाणे. ती म्हणाली, "चिमूटभर देते. पण अंगणात बसून कर. माह्यासमोर. एक केस इकडचा तिकडं झाला, तर रंगाचा डबा तुह्या डोक्यावर उलटा करीन."

भिवा अंगणात बसला. सगळ्या बायका गोल करून उभ्या राहिल्या, जणू गारुडी आला आहे. त्यानं केस शिकेकाईच्या पाण्यात धुतले, उन्हात वाळवले, लांडे-लांबडे वेगळे केले. इवल्याशा वाटीत उभे धरून वाटी हलकेच जमिनीवर ठोकत राहिला, ठोकत राहिला, तोवर सगळ्या नोका एका रेषेत आल्या. मग रेशमानं घट्ट बांधून जुडी मोरपिसाच्या नळीतून ओढली आणि बांबूच्या काडीवर बसवली. अर्धा दिवस गेला. जेवायला उठला नाही. शेवटी त्याच ब्रशनं काडीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं, 'शालू'. आणि आमच्या दाराच्या चौकटीवर एक पोपट काढला. त्या पोपटाच्या डोळ्यात असा काही ठिपका ठेवला की तो आपल्याकडे पाहूनच राहिला आहे असं वाटावं.

माय पुष्कळ वेळ पोपटाकडे बघत होती. मग शेजारणीला म्हणाली, "हा आमच्या शालूनं काढला."

त्या एका वाक्यानं गाव उघडलं. वर्षाच्या लेकरानं दारावर पोपट काढला, मग आमच्या लेकरानं काहून नाही? त्यानंतर रीतच पडली. जावळ निघालं की मूठभर केस नदीला आणि चिमूटभर पेंटरला. बदल्यात दारावर एक चित्र. कुणाच्या दारावर मोर, कुणाच्या दारावर हत्ती. एका घरानं मोटारसायकल मागितली. भिवानं ती काढली आणि तिच्यावर गणपती बसवला.

चार-पाच वर्षांत त्याच्याकडे तीसेक ब्रश झाले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात निजवलेले. प्रत्येकाचं नाव वेगळं आणि भिवाच्या मते स्वभावही वेगळा. शिडीवरून त्याचं बोलणं ऐकावं. "बंडू आज आयकून नाही राहिला." "मंदीले पिवळा रंग आवडत नाही." "सुरेश सरळ चालते, पण वळणावर आला की त्याले घाम फुटते." रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला वाटावं, या पेंटरच्या घरी लेकरांची पलटण आहे.

एकदा बंडूचा ब्रश कामाच्या मध्येच फाकला. कितीदा धुतला तरी टोक जुळेना. भिवा शिडीवरून उतरला आणि थेट बंडूच्या घरी गेला. "वयनी, बंडू बरा आहे ना?" बंडूची आई म्हणाली, "काल रातीपासून ताप आहे त्याले. तुमाले कोणं सांगितलं?"

झालं! ही बातमी वैनगंगेच्या पुरापेक्षा जोरात पसरली. दुसऱ्या दिवसापासून बायका त्याच्या खोलीपुढे रांग लावून उभ्या. "पेंटरभाऊ, आमच्या सुरेशचा ब्रश पाहा ना, पोरगं पहिलीत पास होईन का?" "मंदीच्या ब्रशाले विचारा ना, जावई कोन्या बाजूचा भेटन?" मंदी तेव्हा चार वर्षांची होती. भिवा वैतागून दार लावून घ्यायचा आणि आतून ओरडायचा, "मी पेंटर आहे माय, भगत नोहो! जा घरी!" पण बंडूला बरं वाटेपर्यंत त्यानं बंडूच्या ब्रशला कामाला लावलं नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तेल लावून, कापडात गुंडाळून वेगळा ठेवला होता.

त्याच्या धंद्यातली सगळ्यात मोठी भानगड झाली ती ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत. एका बाजूला पाटील, त्यांची निशाणी छत्री. दुसऱ्या बाजूला गावातले एक किराणा दुकानदार, शेठ म्हणत त्यांना, त्यांची निशाणी कंदील. भिंती रंगवणारा माणूस गावात एकच, म्हणून दोघांचं काम भिवाकडे. तिसऱ्या दिवशी पाटील तणतणत आमच्या अंगणात आले.

"कुठं आहे तो पेंटर? माह्या नातवाच्या केसानं शेठचा कंदील काढून राहिला!"

भिवा शांतपणे बाहेर आला. "हो जी. बाळूनंच काढला."

"काहून?"

"बाळूचा हात गोल आहे, पाटील. कंदिलाची काच बाळूशिवाय कोणालेच येत नाही. छत्रीच्या काड्या सरळ, तिथं बाळू काय कामाचा?"

"मग माही छत्री कोणं काढली?"

भिवा जरा घुटमळला. "शेठच्या नातीनं."

पाटील ओट्यावर बसले ते बसलेच. इकडे ही बातमी शेठच्या दुकानात पोचली आणि शेठही आले. दोन पुढारी आमच्या अंगणात, दोघांचा एकच आरोप, की आमच्या रक्ताचा केस वैऱ्याच्या भिंतीवर फिरला. पाटील म्हणाले, सगळं पुसून पुन्हा काढ. शेठ म्हणाले, माझ्या नातीचा ब्रश आत्ताच्या आत्ता परत दे. मला वाटलं, आता भिवाला गाव सोडावं लागतं.

भिवानं आत जाऊन डबा आणला आणि उघडून दोघांपुढे ठेवला. "पाहा. अठरा घरचे लेकरं एका डब्यात निजतात, आजपर्यंत एकानं दुसऱ्याले लाथ नाही मारली. आन् तुमचा बाळू न् शेठची पुष्पा तं मास्तरच्या शाळेत एकाच पट्टीवर बसतात. विचारा मास्तरले!"

मी कारध्याच्या शाळेत मास्तर नव्हतो. पण त्या घडीला मान डोलावणंच शहाणपणाचं होतं.

पाटलांनी डब्यात वाकून बघितलं. बाळूची काडी हातात घेतली. मिशीआड हसू आवरेना त्यांना. "बरं काढते का रे पोरगं?"

"गावात त्याच्यासारखा गोल कोणाचा नाही."

पुढे निवडणुकीत पाटील जिंकले आणि पाच वर्षं गावभर सांगत हिंडले, "शेठचा कंदील माह्या बाळूनंच इझवला!"

सगळ्या गावाचे केस मागणारा हा माणूस स्वतःच्या केसांना मात्र भारी जपायचा. काळेभोर, दाट, खांद्यावर रुळणारे. छोटा आरसा खिडकीत टांगून तो रोज भांग पाडायचा. कवडू त्याला चिडवायचा, "गावाले मागतेस, तुहे कधी देतेस?" भिवा म्हणायचा, "माहे बोथट आहेत बाप्पा. याची झाडूच होईन."

ब्याऐंशीच्या पावसाळ्यात त्याला मुदतीचा ताप आला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तो पंधरा-सोळा दिवस होता. पूर आला की जुना पूल पाण्याखाली जायचा, तेव्हा मी शाळेतून परस्पर दवाखान्यात जायचो आणि तिथेच थांबायचो. पूल मोकळा असला की माय भाताची पेज पाठवायची. ताप उतरला, तो घरी आला, आणि महिन्याभरात त्याचे केस जायला लागले. आधी फणीत, मग उशीवर, मग हात फिरवला तरी. दिवाळीपर्यंत डोकं पार चकचकीत झालं.

आम्हाला वाटलं, तो थट्टेवारी नेईल. नाही नेली. डोक्याला दुपट्टा बांधून खोलीत बसून राहायचा. आरसा खिडकीतून काढून ठेवला. त्या वर्षी मंडईच्या नाटकांचे पडदे भंडाऱ्याच्या दुसऱ्या पेंटरनं केले. दोन जावळं झाली, भिवा गेला नाही. कवडूनं दोन्ही वेळा सवयीनं मागे वळून पाहिलं म्हणे, आणि मग कापायला लागला. मी शाळेत निघालो तरी मागून आवाज येईना. नोका कापायला कुणी पाठवत नाही म्हटल्यावर मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

माय रोज त्याच्या दारात ताट ठेवायची आणि एकच वाक्य म्हणायची, "केसं पेरलेले असतात का रे बाबू? येतीन."

आणि खरंच आले. उन्हाळ्याच्या तोंडाला एके दिवशी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. माय तांदूळ निवडत होती, मी चहा पीत होतो. त्यानं दुपट्टा सोडला आणि खाली वाकला.

"माय, हात लाव."

मायनं हात फिरवला. दोन बोटं वाढलेले, भुरकट, भुरभुरीत केस. "बाप्पा! हे तं लेकराच्या केसावानी मऊ आहेत."

"नोक आहे माय याले," तो हळूच म्हणाला. "नवीन उगवले. एक बी कातरी लागली नाही."

"मंग जावळच आलं म्हन की तुले!" माय हसली. मीही हसलो. भिवा हसला नाही. भिंतीला टेकून खाली बसला.

"माहं पहिलं काढलं होतं का नाही, कोणाले माहीत," तो म्हणाला. "उस्ताद सांगे, एका जत्रेत मी त्याच्या गाडीखाली निजलो होतो. तीन-चार वर्षांचा असन. लय वाट पाहिली म्हणे त्यानं, कोणी शोधाले नाही आलं. डोक्यावर हे एवढ्या जटा. उस्तादानं पडदे कापायच्या कातरीनं कापून टाकल्या, तिथंच, रस्त्यावर." मग म्हणाला, "त्यानं लय माया केली. पण मांडी कोणाची नोहती न् पदर कोणाचा नोहता."

माय सुपातले तांदूळ चाळत राहिली. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "सोमवारी काढू."

"काय?"

"जावळ."

"माय, मी पन्नाशीचा झालो!"

"मंग? उशीर झाला म्हणून काय लेकराचं जावळ ठेवाचं?" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मी याची आजी. तू मामा. सोमवारची सुट्टी टाक."

अशा रीतीनं बत्तिसाव्या वर्षी मला पन्नास वर्षांचा भाचा झाला. सुट्टीच्या अर्जात कारण लिहिलं, 'भाच्याचे जावळ.' हेडमास्तरांनी बिनातक्रार सही केली.

सोमवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. निरोप कुणालाच गेला नव्हता, सगळे न बोलावता आले होते. बंडू, मंदी, सुरेश, पुष्पा, बाळू, सगळी पुढे येऊन बसली. पाटील आले, शेठ आले. पहिली अडचण झाली ती आत्याची. पदर कुणी धरायचा? शालूची आई, माझी वहिनी, म्हणाली मी, पाटलीणबाई म्हणाल्या मी, बंडूची आई म्हणाली पहिला मान माझा. आवाज चढले. शेवटी मायनं निकाल दिला, "सगळ्याच धरा. एवढं मोठं डोस्कं आहे, एका पदरात काय होते!" पाच बायकांनी पाच पदर एकमेकींना जोडून धरले.

मी पाटावर मांडी घातली आणि भिवा माझ्या मांडीवर बसला. आजारानं वाळला होता तरी माणूस तो माणूस. पहिल्या मिनिटात माझे दोन्ही पाय बधिर झाले. त्याचे गुडघे पुढे कवडूच्या पोटाला लागत होते. कवडूनं कातरी दोनदा पुसली. गावातली शेकडो डोकी केलेला माणूस, पण कातरी पुढे नेईना.

"रड ना रे भिवा," तो म्हणाला. "लेकरू रडल्याशिवाय जावळ निघत नाही."

पोरांनी ते उचललं. "रडा, पेंटरकाका! रडा!" सगळं अंगण ओरडायला लागलं. भिवा हसत होता, त्याचं पोट माझ्या हाताखाली गदगदत होतं. बायकांनी गाणं धरलं. कवडूनं पहिली बट घेतली, मुळातून, नोकेला धक्का न लावता. हसता हसता भिवा गप्प झाला. गाणं चालूच होतं. मी त्याला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, आणि माझ्या मनगटावर काहीतरी कोमट पडलं. मी वर पाहिलं नाही. मामानं बघायचं नसतं.

डोकं झालं. कवडूनं पदरातले केस जमवून भिवापुढे धरले. "घे. आता कर आपला ब्रश. असा मऊ माल तुले परत नाही भेटायचा."

भिवानं बोटाच्या टोकानं केसांना एकदा हात लावला. मग हात मागे घेतला. "आत्याले विचार," तो म्हणाला. "जावळावर लेकराचा हक्क नसते."

पाच आत्या कणकेचा गोळा घेऊन नदीवर गेल्या. आम्ही जेवायला बसलो. मायनं त्याच्या पानावर स्वतःच्या हातानं खीर वाढली, आणि उठताना चुलीजवळच्या डबीतलं काजळ बोटावर घेऊन त्याच्या तुळतुळीत डोक्यावर, कानाच्या वर, चांगली पावलीएवढी तीट लावली.

त्या दुपारी त्यानं कित्येक महिन्यांनी शिडी बाहेर काढली. पुलाजवळच्या चहाच्या टपरीची पाटी करायची होती. संध्याकाळी मी तिकडून गेलो तेव्हा तो वरच होता. खाली पाच-सहा जण चहा पीत त्याच्याकडे बघून हसत होते. ऊन अजून तापलं होतं, डोक्यावरून घाम निथळत होता.

"भिवाभाऊ," मी खालून म्हणालो, "ते काजळ पुसा आता. लोक हसून राहिले."

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा घेतला, कपाळ पुसलं, मान पुसली, डोकंही पुसलं, पण कानाच्या वरची तेवढी जागा सोडून.

"राहू दे, मामा," तो म्हणाला. "नजर लागन."